मागं नेऊन ठेवलेली तारीख

“भाऊ, तुमच्या दुकानात आज तारीख काय?”

हे मी विचारलं. काउंटरच्या काचेवर दोन्ही कोपरं टेकून, कॅफेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. मागं आरोही आणि वृषाली ओढणीत तोंड खुपसून खुसखुसत होत्या, कारण पैज त्यांनीच लावलेली. अकरावीचा शेवटचा पेपर सुटला होता, मंचरच्या स्टँडवर ऊन नुसतं पसरलेलं, आणि आम्हांला काहीतरी करायचं होतं, काहीही, फक्त घरी जायचं नव्हतं. सावळेराम भाऊंच्या कॅफेत प्रत्येक मशीनच्या उजव्या कोपऱ्यात दोन हजार तीन साल असतं, ऑगस्ट महिना असतो, हे आम्हांला केव्हापासून माहीत होतं. बाहेर दोन हजार सातचा मार्च आणि आत अजून आम्ही आठवीत. पण विचारणार कोण? भाऊंच्या भुवया जाड, आवाज त्याहून जाड. “तू नाय विचारणार,” वृषाली म्हणाली. “तू नुसती वर्गात टणाटण बोलती.” असं कुणी म्हटलं की मला राहवत नाही. पूर्वी राहवायचं. पूर्वी मी बाईंनी नाव घेतलं तरी बाकाखाली बघायचे. या वर्षी काय झालं कोण जाणे, एके दिवशी वक्तृत्वात बोलले आणि माझा आवाज हॉलच्या पार मागच्या भिंतीला लागून परत माझ्याकडं आला, तेव्हा मला तो आवडला. तेव्हापासून मी बोलते. तर मी विचारलं.

भाऊ चिडले नाहीत, उलट खूश झाले. खुर्ची मागं रेलून त्यांनी सांगितलं, की पत्रिका जुळवायचं सॉफ्टवेअर डेमोचं आहे, तीस दिवस चालतं आणि मग पैसे मागतं. म्हणून ते रोज सकाळी मशीन चालू केलं की आधी तारीख मागं नेऊन ठेवतात, आणि मगच उदबत्ती लावतात. “त्याला वाटतं अजून तीस दिस झालंच न्हाईत,” भाऊ म्हणाले. “चार वर्सं काढली मी त्या तीस दिसांत, राव.” आम्ही तिघीही हसलो. वृषाली म्हणाली, आमच्या ताईची पत्रिका इथंच जुळवली, म्हणजे तिचं लग्न दोन हजार तीनमध्येच जमलं की, तेव्हा तर ती दहावीला दुसऱ्यांदा बसली होती. आरोही काउंटरला धरून खाली बसली. मीही हसत होते, आणि भाऊ, आता ऐकणारं कुणी मिळालंय म्हणून, पुढं बोलत राहिले. “एकच खोड हाय. कंपनीवाल्यांची मेलं उघडत न्हाईत हितं. त्यांचं तिकडचं मशीन म्हणं आपलं घड्याळ बघतं. जुळलं न्हाई की पासवर्ड बरुबर टाका न्हाईतर काय टाका, आत घेत न्हाई. मागच्या उन्हाळ्यात एक चाकणवाला आलता, त्यानं दाखवलं मला. तवापास्नं कुणी बोललं की मी तेवढ्यापुरती तारीख बरुबर करून देतो. न्हाई बोललं तर मला काय सपान पडतंय?”

हसू माझ्या तोंडावर तसंच राहिलं. ते काढून ठेवायचं भानच राहिलं नाही. काचेखाली झेरॉक्सच्या कोऱ्या कागदांचे गठ्ठे होते, आणि मशीनमधून नुकत्या निघालेल्या कागदाचा तो उबदार, जरा जळका वास. तोच वास मला आधी नाकात भरला आणि मग नाना आठवले. माझे वडील. या दुकानात, तिसऱ्या मशीनवर, उजव्या हाताला प्लास्टर, डाव्या हाताचं एक बोट कीबोर्डवर अधांतरी.

गणपतीच्या आधी नाना खेडच्या घाटात गाडीवरून पडले होते. पुढं ट्रक, मागं ट्रक आणि मध्ये नाना. हात मोडण्यावर निभावलं म्हणून आईनं तेव्हा पेढे वाटले होते. नाना चाकणच्या एका कंपनीत होते, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या. माल कुठल्या गाडीत भरायचा, कधी सोडायचा, हे सगळं ते बघायचे. लागले तेव्हा मात्र खोकी उचलायला लागले होते. त्यांना वर आणलं केंजळे साहेबांनी. साहेबांनीच त्यांना कंप्युटर शिकवला, माउस धरलेल्या नानांच्या हातावर स्वतःचा हात ठेवून. हे नाना प्रत्येक पाहुण्याला सांगायचे, आणि सांगताना जेवणाच्या पाटावर हात फिरवून दाखवायचे. प्लास्टर घातल्यावर साहेबांनी निरोप पाठवला की हात बरा होईस्तोवर घरीच राहा, फक्त मेल बघत जा. कंपनीनं नवीन सोय केली होती. बाहेरून, कुठूनही, इंटरनेटवर कंपनीचं मेल उघडता यायचं. आमच्या गावात, अवसरीत, तेव्हा असं घरून काम करणारं कुणी नव्हतं. कॉलेजची पोरं कंप्युटरवर बसायची, पण ती पोरं. नाना इस्त्रीचा शर्ट घालून, एक बाही प्लास्टरवर मोकळी सोडून, मला मदतीला घेऊन मंचरला आले. जीपमध्ये त्यांनी शेजारच्याला, त्यानं विचारलेलं नसताना, सांगितलं, “ऑफिसला निघालोय.”

तो दिवस मला आता नको असतानाही सबंध दिसतो. नानांनी पत्ता टाइप केला, चिठ्ठीवर बघून, एकेक अक्षर. एक छोटी खिडकी वर आली, नाव आणि पासवर्ड मागणारी. पासवर्ड टाकताना त्यांनी मला तोंड फिरवायला लावलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत उभी राहिले. ते कॅलेंडर बरोबर होतं, सप्टेंबरचं! मशीनचा कोपरा मला दिसतच होता, तिथलं ऑगस्ट आणि तिथलं दोन हजार तीन, आणि मला त्यात काहीच वाटलं नाही. तो या दुकानाचा विनोद होता. खिडकी परत आली. नानांनी परत टाकलं. परत आली. मग मला जवळ बोलावून कानात पासवर्ड सांगितला आणि म्हणाले, तू टाक, माझं डावं बोट चुकतंय. मी टाकला. मग ती खिडकी गेली आणि पांढरं पान आलं, इंग्रजी. मी ते वाचून दाखवायच्या आत नानांनीच वाचलं. ओठ हलवत, बोट स्क्रीनवर ठेवून. त्यांना तेवढं इंग्रजी येतं. तुम्हांला हे पान पाहण्याचा अधिकार नाही. खाली आणखी बारीक अक्षरांत बरंच होतं, नंबर होते, पण ते कोण वाचतं? नानांचं बोट पहिल्या ओळीवरच थांबलं होतं. स्क्रीनवर बोटाचा ठसा उमटला. त्यांनी तो मोकळ्या बाहीनं पुसला आणि उठले.

रस्त्यावर आल्यावर त्यांनी ती बाही प्लास्टरवर नीट ओढून घेतली. मग म्हणाले, “अधिकार नाही.” माझ्याशी नाही, समोरच्या ट्रॉलीशी बोलल्यासारखे. मी म्हणाले, नाना, काहीतरी बिघाड असेल, त्या भाऊंना विचारू का? ते म्हणाले, “चार माणसांत? तुझ्या बापाला कंपनी आत घेत न्हाई म्हणून विचारणार तू?” मग मी नाही विचारलं. तेव्हा मी विचारणारी झालेच नव्हते. पण ते असो. नाना त्यानंतर एकटेही येऊन गेले असणार, कारण एकदा त्यांच्या खिशात कॅफेचं टोकन निघालं आणि आईनं ते न बोलता देवळीत ठेवलं. दर खेपेला तेच पान दिसलं असेल. दर खेपेला ते उठले असतील, भाऊंना पैसे देऊन, ‘झालं का काम’ याला ‘झालं’ म्हणून.

मी आता काउंटरशी उभी राहून हे सगळं मोजत होते, आणि मागं आरोही म्हणत होती, भेळ, भेळ, पैज जिंकलीस, चल. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. भाऊ, मी म्हणाले, तीन नंबरवर तारीख बरोबर करून द्या. त्यांनी माझ्याकडं जरा निरखून बघितलं. “दादाभाऊची पोरगी ना तू?” मी मान हलवली. “आलता की तो दोन-चारदा. काय बोलला न्हाई.” तेवढंच म्हणून ते उठले, आणि माझ्यासमोर त्या कोपऱ्यात साल सरकलं. तीन, चार, पाच, सहा, सात. माउसचा टक टक आवाज. मैत्रिणींना मी म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, आणि त्या कुरकुरत गाड्यावर गेल्या.

नानांचा पासवर्ड मला पाठ होता. तो टाकताना कुणीतरी तोंड फिरवून उभं राहायला हवं होतं असं वाटलं, पण कुणी नव्हतं. मला खात्री होती की आता काही उघडणार नाही. नानांनी तर दसऱ्यानंतर राजीनामा दिलेला, अशा माणसाचं नाव कोण ठेवतं? खिडकी आली, मी टाकलं, खिडकी गेली. आणि ते उघडलं. इतकं साधं उघडलं की मला राग आला. डावीकडं नानांचं नाव, इंग्रजीत, आणि उजवीकडं ओळींवर ओळी. कुणी काढलंच नव्हतं त्यांना. वरच्या ओळी सगळ्यांना पाठवतात तसल्या होत्या, सुरक्षा सप्ताह, दिवाळीची सुट्टी. मी खाली खाली गेले आणि मग केंजळे साहेबांचं नाव सुरू झालं. एकाखाली एक. न वाचलेलं मेल ठळक अक्षरांत असतं, उघडलं की बारीक होतं. ती सगळी ठळक होती, काळीभोर, सप्टेंबरपासूनची, जणू दारावर कुणी थांबून थांबून थाप मारतंय. सुरुवातीच्या मेलांच्या विषयात गाड्यांचे नंबर होते, गावांची नावं होती. मग हात कसा आहे, असं काहीतरी. सगळ्यांत शेवटी पाठवलेल्या मेलात विषय म्हणून नुसतं ‘दादाभाऊ’ आणि पुढं प्रश्नचिन्ह. मी एकही उघडलं नाही. उघडलं असतं तर ते बारीक झालं असतं, आणि ते बारीक करायचं काम माझं नव्हतं. मी खिडकी मिटली, पैसे दिले. भाऊ पैसे घेईनात, मी काचेवर ठेवले. “झालं का काम?” त्यांनी विचारलं. मी ‘झालं’ म्हणाले, नानांसारखीच.

भेळ मी खाल्ली. हेही सांगायला हवं, कारण मला ती चांगली लागली आणि त्याचं मला आश्चर्य वाटलं. जीपमध्ये मला मागच्या फाळक्याजवळ जागा मिळाली. रस्ता मागं मागं जात होता, कांद्याची वावरं, कडेला वाळत टाकलेल्या गोण्या, कॉलेजची कमान. माझ्या डोक्यात मात्र तो फोन चालू होता. साहेबांचा फोन, नवरात्रात आलेला. आईनं उचलून नानांना दिला होता. मी तिथंच भूगोलाचा नकाशा रंगवत होते. नाना हाताबद्दल बोलले, पावसाबद्दल बोलले, घरच्यांबद्दल बोलले. मेल उघडत नाही हे बोलले नाहीत. साहेब पलीकडून काय म्हणाले ते फोन ठेवल्यावर नानांनी सांगितलं. “म्हणतो, मेल बघत जा, सगळं त्यावरच टाकतोय.” मग हसले. “टोमणा मारतोय. दार लावून घेतो आणि म्हणतो, या घरात.” आई म्हणाली, अहो, त्यांनी मुद्दाम केलं असेल असं कसं म्हणता, सरळ विचारा की. नाना म्हणाले, “सरळ माणसाला सरळ विचारत्यात.” दोन-तीन दिवस ते वावरात जाऊन नुसते बांधावर बसायचे. दसऱ्यानंतर त्यांनी डाव्या हातानं राजीनामा लिहिला, वाकड्यातिकड्या अक्षरांत, आणि रजिस्टरनं पाठवला. मला वाटतं त्यांना वाटलं असेल, आता साहेबांचा फोन येईल. फोनजवळची खुर्ची ते सोडायचे नाहीत. फोन आला नाही. साहेबांनी इतकी मेलं टाकली, एकालाही उत्तर नाही, आणि वर रजिस्टरनं कागद. त्यांनाही वाटलंच असेल काहीतरी. दोन माणसं, एक चाकणला आणि एक अवसरीला, एकमेकांची वाट बघत बसली, आणि मध्ये मंचरला एक माणूस रोज सकाळी उदबत्ती लावायच्या आधी तारीख मागं नेत होता. कुणाचंच काही वाईट करायचं मनात नव्हतं. रागवायला कुणी सापडतच नव्हतं, त्यानं मला जास्त रडू येत होतं. मी रडले नाही, जीपमध्ये ओळखीचे होते.

फाट्यावरून घरापर्यंत मी मुद्दाम हळू चालले. मला एक गोष्ट कळत होती आणि ती कळू नये असं वाटत होतं. गेले सहा महिने नाना त्या अपमानाच्या आधारानं उभे आहेत. गावात कुणी विचारलं की ते म्हणतात, मीच सोडली, आपल्याला नाय जमत कुणाच्या दाराशी उभं राहायला. आणि हे म्हणताना त्यांची मान अशी होते की समोरचा पुढं विचारत नाही. हौशीराम काका तर चारचौघांत सांगतात, दादाभाऊनं लाथ मारली नोकरीला. हात नीट वळत नाही तरी नाना कांदा करतात, पाणी धरतात, बाजार करतात, आणि हे सगळं ताठ मानेनं करतात, कारण त्यांच्यावर अन्याय झालाय. तो अन्याय झालाच नव्हता, हे मी त्यांना सांगायचं? मग त्यांच्याजवळ काय उरेल? हातातून काही हिसकावून घेतलं गेलं, तर माणूस त्या रिकाम्या हाताची मूठ करून जगतो. पण ते हातातून नुसतंच पडलं, एका प्रश्नापायी पडलं, असं कळल्यावर कसं जगायचं? न सांगता चालेल का? मी गप्प राहीन, बारावी होईन, कुठं कुठं जाईन, आणि दर सुट्टीत घरी आले की नाना कुणाला तरी म्हणत असतील, आपल्याला नाय जमत, आणि मी तोंड फिरवून कॅलेंडर बघत उभी राहीन. ते मला दिसलं. आणि त्या शेवटच्या मेलातलं प्रश्नचिन्हही दिसत होतं. पलीकडं अजून एक माणूस आहे ज्याला वाटतं, ज्याच्या हातावर मी हात ठेवला, त्यानं मला साधं उत्तरही दिलं नाही.

अंगणात दोघं कांदे काटत बसले होते. ढिगाच्या या बाजूला आई, त्या बाजूला नाना. नाना उजव्या हातात कांदा धरतात, तो हात आता धरण्यापुरताच आहे, आणि डाव्यानं विळा चालवतात. पातीचा उग्र वास सगळीकडं होता, आणि ऊन उतरलेलं, पिवळं. आईनं पेपर कसा गेला विचारलं. मी म्हणाले, चांगला. मग चपलाही न काढता तिथंच उभी राहून मी सांगितलं. वक्तृत्वासारखं नाही सांगता आलं. पत्रिकेपासून सुरुवात केली, मग तारखेकडं आले, मग चाकणवाल्याकडं, मध्येच वृषालीच्या ताईचं आलं. नाना कांदा काटत राहिले. मी म्हणाले, मग मी तुमच्या नावानं उघडून बघितलं नाना, आणि ते उघडलं. तेव्हा विळा थांबला.

“कोण म्हणालं घड्याळाचं?”

“सावळेराम भाऊ.”

“त्याला ठावं व्हतं?”

“हो. कुणी विचारलं की ते करून देतात.”

नानांनी हातातला कांदा बघितला, उलटासुलटा, बाजारात बघतात तसा. आई मात्र पेटली. इतक्या महिन्यांचं तिच्याजवळ साठलेलं होतं. “मी म्हणत व्हते का न्हाई? इचारा. तोंड हाय देवानं दिलेलं. पर तुमाला कोण सांगणार, साहेब टोमणा मारतोय, साहेब दार लावतोय. त्या बिचाऱ्यानं काय लावलं न्हाई आन काय न्हाई.” नानांची मान, ती गावात असते तशी मान, मला दिसत होती, आणि ती हळूहळू खाली आली. नुसती आली. मला वाटलं होतं ते ओरडतील, मला विचारतील, कुणी सांगितलं होतं तुला माझ्या नावानं शिरायला. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी विचारलं, “किती व्हती?”

“काय?”

“साहेबाची. मेलं.”

मी म्हणाले, खूप. मोजली नाहीत. उघडली पण नाहीत, ती तुमची आहेत. आणि शेवटच्यात नुसतं तुमचं नाव आहे.

त्यांनी विळा जमिनीवर ठेवला. प्लास्टर निघाल्यापासून वाकडा झालेला तो उजवा हात गुडघ्यावर पालथा टाकला आणि त्यावर डावा हात ठेवला. मी दुसरीकडं बघायला हवं होतं, पण बघत राहिले. “आता काय उपयोग,” नाना म्हणाले. “माणूस घेतला असंल त्यांनी माझ्या जागंवर. कुणाला सांगू नको हे. हौश्याला तर अजिबात न्हाई.” आईनं डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, कांदा लई तिखट हाय औंदा.

त्यांना एवढंच हवं होतं की हे या अंगणात राहावं. तिघांत. आणि मला खरंच ते पटत होतं, अगदी क्षणभर. मी त्यांच्या शेजारी बसून एक कांदाही उचलला. पण तो काटायचा सोडून मी उभी राहिले. केंजळे साहेबांचं घर मला माहीत होतं, खेडला, वाडा गावाकडं जाणाऱ्या रस्त्याला. वास्तुशांतीला आम्ही सगळे गेलो होतो आणि साहेबांच्या बाईंनी मला दोनदा बासुंदी वाढली होती.

“नाना, आई,” मी म्हणाले, “रविवारी मी साहेबांच्या घरी जाणार आहे. नोकरी मागायला नाही. त्यांची मेलं तुम्हांला कधी दिसलीच नाहीत, एवढंच सांगायला. तुम्ही आलात तर बरोबर जाऊ. नाही आलात तर मी एकटी सकाळच्या एसटीनं जाईन.”